वाकडं बोट

मी मुळातच संशयी. त्यात सासरे ज्या संस्थानिकांच्या तुंगार्लीच्या बंगल्यावर माळी होते, त्या राजांना म्हणे आपल्याच चित्रासाठी बसायला वेळ नव्हता. चेहरा फोटोवरून काढायचा ठरला. बाकीच्या अंगासाठी चित्रकारानं मामंजींना राजांचा जरीचा अंगरखा चढवला, हातात तलवार दिली आणि खुर्चीत बसवलं.

"राजा सोता का बसंना?" सासूबाईंनी मला चुलीपाशी गाठलं. चित्र काढलं की माणसाचं आयुष्य घटतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. "त्याचं घटू न्हाई म्हून आपलं मानूस बसवलंय."

आमचं दोघींचं एरवी विळ्या-भोपळ्याचं सख्य, पण या बाबतीत एकमत झालं. मामंजी घरी आले की त्या मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकायच्या. मामंजी मात्र खूश. घरातही ताठ बसायला लागले, चहाचा पेलासुद्धा तलवार धरल्यासारखा धरायचे.

मी चहा द्यायच्या निमित्तानं चित्रकारावर नजर ठेवायची. त्याच्याकडे एक जाडजूड पुस्तक होतं, चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या सत्ताधीशांच्या चित्रांचं. त्यातल्या एकाचा चेहरा एकाच बाजूनं काढलेला. का, म्हणून मी विचारलं.

"दुसरा डोळा गेलेला होता. राज्य करणाऱ्यात उणं दिसता कामा नये, वहिनी."

"मग तुमच्या राजांचं काय लपवताय?"

त्यानं हसून पुस्तक मिटलं. माझा संशय आणखी बळावला.

चित्र पुरं झाल्यावर आम्हाला बघायला बोलावलं. वर राजांचं डोकं, खाली मामंजींचे खांदे. सासूबाई अगदी जवळ जाऊन हातच बघत राहिल्या. मामंजींच्या उजव्या हाताचं मधलं बोट बैलाच्या कासऱ्यात सापडून मोडलेलं, कायमचं वाकडं. चित्रातलं बोट सरळ, गोरं आणि अंगठी घातलेलं.

"ह्यो तुमचा हात न्हाई," त्या हसल्या. "सुटलो बाई!"

मलाही हायसं वाटलं. मामंजी मात्र आपला हात चित्रातल्या हाताशेजारी धरून उभे होते.

"माजं बोट कुटं गेलं?"

"राजांचं बोट वाकडं कसं काढू, माळीबुवा?" चित्रकार कुंचले पुसत म्हणाला.

"राजाचं न्हाई ते. माजं हाय."

चित्रकारानं कुंचले डब्यात भरले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दिवसापासून मामंजी चारचौघांत उजवा हात पंचाखाली ठेवायला लागले. इतक्या वर्षांत त्या बोटाची त्यांना कधी लाज वाटली नव्हती.