झेंड्याचा पट्टा

बूट हातात घेतला की ते आधी डोळे मिटायचे. मग बुटात मनगटापर्यंत हात घालायचे, आत बोटं फिरवायचे, आणि डॉक्टर पोट दाबून बघतात तसा चेहरा करून म्हणायचे, "हं. डावा पाय घाईत असतो तुझा, लव्ह."

'लव्ह' इथे इंग्लंडात म्हातारे सगळ्यांनाच म्हणतात, तेव्हा गैरसमज नको. आणि त्यांचं निदान बहुतेकदा चुकायचं. मिलिंदचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, बूट तपासून त्यांनी "हा माणूस नाचतो" असं छातीठोक सांगितलं होतं. मिलिंद स्वतःच्या वरातीत नाचला नाही. तो रोज ब्रॅकनेलच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबतो, एवढंच. पण त्यांनी मत बदललं नाही. "तुला सांगत नसेल," म्हणाले. पुढे महिनाभर मी नवऱ्याकडे संशयानं बघत होते.

आम्ही घरात त्यांना बूटवाले आजोबा म्हणायचो. आमच्या छोट्या गावात बेकरी आणि जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपच्या मधे त्यांचं बूट-दुरुस्तीचं दुकान होतं, इतकं अरुंद की दुसरं गिऱ्हाईक आलं की पहिल्यानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. माझी तिथे कायम ये-जा. कारण माझे पाय. जन्मभर चपलांत मोकळे वाढलेले, पुढे पसरट. इथल्या निमुळत्या बुटांत ते कोंबणं म्हणजे सुपातलं धान्य बाटलीत भरणं. दर दोन-तीन महिन्यांनी शिवण उसवायचीच. मुलगी म्हणते, "आई, तुझी पाय खूप रुंद आहे." इथे जन्मलेली, त्यामुळे व्याकरण चुकतं तिचं. निरीक्षण चुकत नाही.

"टाकून देऊ का हे?" असं विचारलं की आजोबांचं उत्तर ठरलेलं. "अजून बरीच वर्षं आहेत यात." बुटांबद्दल, दुकानाच्या गळक्या छपराबद्दल, आणि पंच्याऐंशी उलटल्यावर स्वतःबद्दलही ते हेच म्हणायचे.

तरुणपणी ते फौजेत होते. येमेनमधल्या एडनला. त्याबद्दल विचारलं तर "ऊन फार होतं" एवढंच सांगायचे. बरोबर गेलेल्यांतले काही परत आले नाहीत, हे मला रॉनकडून कळलं.

रॉन त्यांचा जन्माचा दोस्त. गावातल्या माजी सैनिकांच्या मंडळाचा अध्यक्ष, उंच, गोड बोलणारा. तुम्हीही असे अध्यक्ष पाहिले असतील. आमच्या पुण्याच्या सोसायटीत एक होते. दर शुक्रवारी दोघं पबमध्ये ठरलेल्या कोपऱ्यात बसायचे. रॉन बोलायचा, आजोबा ऐकायचे. आजोबांच्या मुलीचा तो गॉडफादर, म्हणजे धर्मपिता.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी इथे गावोगाव युद्धात गेलेल्यांचं स्मरण करतात. आमच्याकडे मंडळाचा झेंडा मिरवत स्मारकापाशी नेतात, बिगुल वाजला की तो सावकाश खाली झुकवतात, आणि सगळं गाव दोन मिनिटं गप्प उभं राहतं. तो झेंडा धरायचा मान कितीतरी वर्षं आजोबांचा होता. खांद्यावरून चामड्याचा रुंद पट्टा, पोटापाशी त्याला खोबण, आणि त्या खोबणीत काठीचा बुंधा. पट्टा त्यांनीच शिवलेला.

मीही कॉलेजात असताना ढोल-पथकात ध्वज नाचवला आहे, आणि एका नगरसेवकाची टोपी उडवली आहे. हे मी त्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं. "आमच्याकडे ध्वज जितका हलेल तितक्या टाळ्या."

त्यांना ते सहन झालं नाही. "आमचा हलला तर संपलं."

"मग त्या दोन मिनिटांत मनात काय येतं हो तुमच्या?"

ते बराच वेळ डब्यात खिळा शोधत राहिले. "आधी नावं येतात. मग फक्त काठी पडू नये, एवढंच."

एका वर्षी झेंडा झुकवताना त्यांचा एक पाय मागे गेला. एकच पाऊल. झेंडा किंचित लहरला आणि सावरला. त्या रात्री पबमध्ये रॉननं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू उभा आहेस तोवर झेंडा तुझा." हे आजोबांनी मला आपण होऊन सांगितलं, आणि ते आपण होऊन काही सांगणाऱ्यांतले नव्हते. त्या दिवशी त्यांनी मी न सांगताच माझ्या बुटांना पॉलिशही करून दिलं.

पुढच्या ऑक्टोबरात मी दुकानात भिंतीला चिकटून उभी होते, कारण रॉन आला होता. काउंटरवर त्यानं तो पट्टा ठेवला.

"जरा मेण लाव याला. आणि एक भोक पाडून दे. मी पेननं खूण केलीय."

आजोबांनी पट्टा उचलला. त्यांचं अंग म्हणजे काडी. बकल लागायचं ते अगदी आतल्या भोकात. खूण होती पट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या खुणेवर त्यांनी अंगठा ठेवला, आणि यावेळी डोळे मिटले नाहीत.

"जाड माणूस आहे," ते म्हणाले.

"कोण?"

"ज्याच्यासाठी भोक पाडायचं तो."

रॉन हसला. "अरे, असंच. असावं एखादं जास्तीचं. वेळ काय सांगून येते?"

"ठरलंय का?"

"छे, छे. ठरलं असतं तर तुला आधी नसतं सांगितलं?"

आजोबांनी पंच घेतला, खुणेवर नीट टेकवला आणि हातोडीचा एक घाव घातला. भोकाच्या कडा घासल्या, मेण लावलं, फडक्यानं पुसलं. रॉन पट्टा घेऊन गेला. मी काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "अहो, खरंच जास्तीचं असेल."

"झेंडा मागितला असता तर दिला असता गं," ते म्हणाले. "हात थरथरतो, मला कळत नाही होय? पण मागायचं ना. भोक माझ्याकडूनच पाडून घेतलं."

घरी मी मिलिंदला हे सांगितलं, जरा तावातावानंच. तो म्हणाला, "अगं, पण वय झालंय त्यांचं. उद्या काठी कोणाच्या डोक्यात पडली म्हणजे?" मिलिंदचं असं नेहमी बरोबर असतं, आणि त्याचा कुणाला काही उपयोग नसतो.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी झेंडा धरला गावातल्या खाटकाच्या जावयानं. चाळिशीचा, दाराएवढा रुंद, फौजेतून आलेला, गरीब स्वभावाचा. झेंडा जराही हलला नाही. आजोबा कुठेच दिसेनात. नंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा-बिस्किटांच्या वेळी रॉन उभा राहिला. "आपल्या जुन्या मित्रानं तब्येतीमुळे यंदा स्वतःहून थांबायचं ठरवलं. इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल त्याचे आभार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात बिस्किट होतं, म्हणून माझ्याकडून वाजल्या नाहीत. हे मी पुढे धाडस म्हणून सांगत असते.

सोमवारी आजोबांनी विचारलं, "काय म्हणाला रॉन?"

खोटं बोलणं मला जमत नाही, चेहऱ्यावर दिसतं. मी सांगितलं.

"स्वतःहून?"

"हो."

ते माझा बूट हातात घेऊन नुसते बसले. दुसरं गिऱ्हाईक आलं, मी भिंतीला चिकटले. मग ते म्हणाले, "मस्न्ट ग्रम्बल." म्हणजे, कुरकुर करू नये. इथले लोक असं म्हणतात आणि मग अर्धा तास कुरकुर करतात. ते मात्र तिथेच थांबले.

शुक्रवारचं पबमध्ये जाणं बंद झालं. नाताळच्या आधी रॉन दुकानात आला, हातात टाच झिजलेले बूट. मी तेव्हाही तिथेच. आधी सांगितलं ना, माझे पाय.

"काय रे, दिसत नाहीस," रॉन म्हणाला.

आजोबांनी बूट घेतले, टाचा पाहिल्या, आणि बुटाला बांधायची चिठ्ठी पुढे ओढली. पेन्सिल उचलली.

"नाव?"

रॉन हसला. आजोबा पेन्सिल धरून थांबले.

"अरे, काय हे. रॉन."

"आडनाव?"

ज्यानं त्यांच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर धरलं होतं, त्यानं आपलं आडनाव सांगितलं. त्यांनी स्पेलिंगही विचारलं. "गुरुवारनंतर मिळतील, सर."

त्या 'सर'नंतर रॉन बाहेर पडला तेव्हा दाराची घंटा नेहमीसारखी वाजली, आणि मला एकदम चॅरिटी शॉपमध्ये काहीतरी बघायचं होतं असं आठवलं.

मार्चमध्ये आजोबा झोपेतच गेले. त्यांच्या मुलीनं दुकानाच्या काचेवर कागद लावला, तेव्हा कळलं. माझे बूट आतच होते. ते मी मागितले नाहीत.

अंत्यसंस्कार गावाबाहेरच्या दहनगृहात होते. मंडळातला कोणी गेला की झेंडा शवपेटीबरोबर आत जातो आणि तिथे झुकतो, अशी इथली रीत. त्याप्रमाणे रॉन आला होता, सूट, पदकं, सगळं. बरोबर खाटकाचा जावई, पट्टा लावून, काठी खोबणीत. आजोबांची मुलगी दारात उभी राहिली. मी मागेच होते.

"तुम्ही दोघं या," ती म्हणाली. "झेंडा नको."

"अगं बाळा," रॉन म्हणाला, "रीत आहे. त्याची हीच इच्छा असती."

"विचारलं होतंत त्यांना?"

जावयानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आत. मग पांढरे हातमोजे काढले, बकल सोडलं, पट्टा खांद्यावरून उतरवून काखेत घेतला. काठी त्यानं रॉनच्या हातात दिली. "मी आत जातो. माझ्या लग्नातले बूट त्यांनी शिवले होते," तो म्हणाला, आणि आमच्याबरोबर आत आला.

झेंडा जमिनीवर ठेवायचा नसतो. भिंतीला टेकवायचा नसतो. ज्या व्हॅनमधून तो आणला, तिची किल्ली जावयाच्या खिशात, आणि जावई माझ्या पुढच्या रांगेत.

मला खिडकीजवळची जागा मिळाली होती. आत पाद्री आजोबांबद्दल चांगलं बोलत होते, निम्मं खरंही होतं. बाहेर कार पार्कमध्ये रॉन दोन्ही हातांनी काठी धरून उभा होता. मार्चचा वारा सुटला होता, आणि झेंडा पुन्हा पुन्हा त्याच्या तोंडावर येत होता.