सीट सोडल्याचं पत्र

कवळीवाल्यांना शहरातली निम्मी माणसं जबड्यावरून ओळखता यायची, आणि त्या माणसांना कवळीवाले कोण हे ठाऊकही नसायचं. डॉक्टर दातांचं माप घ्यायचे, त्या मापाचा प्लास्टरचा साचा कवळीवाल्यांच्या टेबलावर यायचा, आणि मेण, बारीक पाती, ब्रश घेऊन ते त्या परक्या तोंडासमोर दिवसच्या दिवस बसायचे. रस्त्यात एखादी बाई हसली की बायकोला हळूच म्हणायचे, "वरचा डावा सुळा आपला."

"लोकांच्या बायकांच्या तोंडाकडे बघायचा बरा परवाना मिळालाय तुम्हाला," बायको म्हणायची.

घराची मागची खोली म्हणजे त्यांची लॅब. एक खिडकी, एक लांब टेबल, पॉलिशचं मशीन आणि भिंतभर साच्यांच्या फळ्या. सकाळी काम, दुपारी पोचवणी. प्रत्येक कवळी, प्रत्येक कॅप छोट्या प्लास्टिकच्या डबीत, डबीवर पेशंटचं नाव, आणि सगळ्या डब्या खांद्यावरच्या काळ्या बॅगेत. दवाखान्यांत ते मागच्या दाराने जायचे. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. पण आपले दात कुणाच्या तरी बॅगेतून आलेत हे पेशंटला बघवत नाही, एवढं त्यांना पहिल्याच वर्षी कळलं होतं. मागच्या दाराशी उभं राहायचं, डब्या द्यायच्या, नवी मापं घ्यायची, वहीत सही करायची आणि निघायचं. एकोणीस वर्षं ते उभे होते. त्याचं काही वाटत नाही, असं त्यांना वाटत होतं.

मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मात्र उभं राहणं जरा सुखाचं होतं, ते तिथल्या सिस्टरमुळे. ती डबी उघडण्याआधी पाण्याचा ग्लास पुढे करायची. "भाऊ, आधी पाणी प्या. दात कुठे पळून जात नाहीत." नवरा वारल्यावर ती एकटीने मुलीला वाढवत होती. तिची मुलगी आणि कवळीवाल्यांची मुलगी एकाच वर्षी, एकाच हॉलमध्ये दातांच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसल्या होत्या.

निकाल लागला आणि कवळीवाल्यांच्या मुलीला एक सोडून तीन कॉलेजांनी घेतलं. एक इथलंच, शहरातलं, जिथे मोठे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस शिकवायचे. दुसरं राजधानीतलं, जुनं, नावाजलेलं. तिसरं खूप लांबचं, नवं, फारसं कुणी न ऐकलेलं.

मुलीने वहीत रकाने पाडले, दोन दिवस तिन्हीकडच्या जुन्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोलली आणि रविवारी जेवताना सांगून मोकळी झाली, "मी लांबच्या कॉलेजात जाणार."

"अगं, घरापासचं सोडून?" आई म्हणाली.

"तिथे पहिल्या वर्षापासून स्वतः लॅबमध्ये बसवतात. साचा ओतण्यापासून सगळं. बाकी दोन्हीकडे लॅबचं काम बाहेर देतात." मग बापाकडे न बघता म्हणाली, "मला बाहेर द्यायचं नाहीये. मला येतं ते."

लहानपणी ती टेबलाखाली बसून उरलेल्या मेणाच्या दाढा करायची, ते कवळीवाल्यांना आठवलं.

उरलेल्या दोन सीट सोडायच्या होत्या. राजधानीचं पत्र तिने पोस्टाने पाठवलं. शहरातल्या कॉलेजला पत्र पालकांच्या सहीने, हातोहात, शुक्रवारी पाचच्या आत द्यायचं होतं. "तुम्ही रोज त्याच रस्त्याने जाता ना बाबा? उद्याच द्या. वेटिंगवर कुणीतरी डोळे लावून बसलं असेल."

"उद्याच देतो," ते म्हणाले, आणि पत्र बॅगेच्या मागच्या कप्प्यात ठेवलं.

सोमवारी वाटेत आधी मोठ्या डॉक्टरांचा दवाखाना लागला. डॉक्टर स्वतः मागच्या दाराशी आले.

"अहो, काय ऐकतोय मी? तीन-तीन कॉलेजं? आत या, आत या. बसा."

एकोणीस वर्षांत त्या केबिनमधली खुर्ची त्यांनी फक्त दारातून पाहिली होती. बसल्यावर ती जरा मागे कलली, तसे ते दचकले.

"आमच्याच कॉलेजात टाका तिला," डॉक्टर म्हणाले. "मी आहे. काय ठरवलंय?"

आता या माणसाच्या खुर्चीत बसून, तुमचं कॉलेज माझ्या मुलीने नाकारलं, असं कसं म्हणायचं? कवळीवाले म्हणाले, "विचार चाललाय, सर."

तेवढं एक वाक्य त्यांना सापडलं आणि आठवडाभर त्यांनी ते पुरवून वापरलं. बातमी पसरली होती. जो तो डॉक्टर त्यांना आत बोलवायचा. एक राजधानीच्या बाजूने बोलायचा, दुसरा म्हणायचा घरापासचं बरं, तिसरा आपल्या हॉस्टेलच्या गोष्टी सांगायचा. कवळीवाले मान हलवत ऐकायचे. ठरलंय असं सांगितलं असतं तर 'वा, अभिनंदन' म्हणून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळला असता. विचार चाललेल्या माणसाला बसवून घ्यावं लागतं.

"पत्र दिलंत?" मंगळवारी मुलीने विचारलं.

"आज जरा गडबड होती."

"सगळे मिळून हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत तुम्हाला," बायको भांडी पुसता पुसता म्हणाली. "उतरताना कुणी शिडी लावत नाही हं."

बुधवारी सिस्टरने पाणी दिलं आणि नेहमीसारखी डबी उघडली नाही. हातातल्या फडक्याची घडी करत राहिली.

"भाऊ, एक बोलू? माझी मुलगी इथल्या कॉलेजच्या वेटिंगवर पहिली आहे. पहिलीच. एक जरी पोरगी हलली ना, तरी आमचं काम झालं. तिला लांब पाठवणं मला जमायचं नाही, माहितीये तुम्हाला. इथे झालं तर झालं." मग जरा हसून, "तुमच्या लेकीचं काय ठरलं?"

पत्र त्यांच्या कमरेला टेकलेल्या बॅगेत होतं. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता.

"विचार चाललाय," कवळीवाले म्हणाले.

"हो ना, मोठा निर्णय आहे. सावकाश करा," सिस्टर म्हणाली, आणि तिने डबी उघडली.

बाहेर पडल्यावर त्यांनी बॅगेचा मागचा कप्पा चाचपला. आजच द्यायचं, आत्ताच, असं म्हणत ते कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलेही. तिथे मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. "शुक्रवारी चार वाजता या. आमचे प्रिन्सिपॉल चहाला येतायत, ओळख करून देतो. मुलीचं सगळं समोरासमोर बोलू." प्रिन्सिपॉलांच्या हातात पत्र आज पडलं तर शुक्रवारचा चहा कशाला? कवळीवाल्यांनी हिशेब केला. चारला चहा, साडेचारला उठायचं, दवाखान्यापासून कॉलेज दहा मिनिटं, पाचच्या आत पत्र. कुणाचंच काही जात नाही. दोन दिवसांनी मिळाली तरी सीट ती सीटच.

शुक्रवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. "दात पोचवायला निघालात की दाखवायला?" बायकोने विचारलं.

प्रिन्सिपॉल सव्वाचारला आले. हसरे होते. मुलीबद्दल दोन वाक्यं बोलून त्यांनी टेबलावरचा एक साचा उचलला. "हे काम तुमचं? या पेशंटचा खालचा जबडा एवढा पुढे, आणि तरी वरखालच्या दातांचा चावा बसवलात! कसा?"

एकोणीस वर्षांत कवळीवाल्यांना दवाखान्यांत एकच प्रश्न विचारला गेला होता: कधी देताय? 'कसा' हे कुणी विचारलेलं नव्हतं. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. कागदावर जबडा काढला. मागच्या दाढा आतल्या अंगाला किती झुकवल्या, पुढच्यांची लांबी का कमी ठेवली, मेणात तीनदा कसं मोडून पुन्हा केलं. दोघे डॉक्टर वाकून बघत होते. सिस्टर चहाचा ट्रे घेऊन आली, कप ठेवताना तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, मग हातातल्या फोनकडे. कवळीवाल्यांनी ते पाहिलं. पाहिलं, आणि पेन्सिल पुढे चालवली. थोड्या वेळाने ती कप न्यायला आली तेव्हा बोलण्याच्या भरात त्यांनी आपला कप पुढे केला. "अजून अर्धा मिळेल का, सिस्टर?"

तिने ओतला.

ते उठले तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. कॉलेजपर्यंत ते पळत गेले. खिडकी बंद होती. कपाटाला कुलूप लावणाऱ्या क्लार्कने पत्र घेतलं, तारखेचा शिक्का मारला, खाली वेळ लिहिली. "यादी पाचला बंद झाली हो. आता ही सीट या वर्षी मोकळीच राहणार."

"मोकळी म्हणजे?"

"म्हणजे तुमची मुलगी नाही, आणि दुसरं कुणीही नाही."

घरी येऊन ते म्हणाले, "दिलं पत्र." हे खोटं नव्हतं.

मंगळवारी कॉलेजचं उत्तर आलं. आपले पत्र मुदतीनंतर मिळाले, इतकंच. मुलीने ते दोनदा वाचलं आणि लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. कवळीवाल्यांनी मशीन बंद केलं.

"शुक्रवारी संध्याकाळी दिलंत? माझ्याकडून रविवारी घेतलेलं?"

त्यांनी टेबलावरचा एक साचा उचलला.

"कुणाची तरी सीट गेली बाबा. कोण होतं पहिलं, तेही कळणार नाही आता."

इथे गप्प बसता आलं असतं. तिला खरंच कळलं नसतं. कवळीवाले हातातला साचा फिरवत म्हणाले, "मला माहितीये कोण होतं."

त्यांनी सांगितलं. बायको स्वयंपाकघरातून येऊन मुलीच्या मागे उभी राहिली होती. तिला टोमणा मारायची चांगली संधी होती, पण तिने पदर तोंडाला लावला आणि परत गेली. टोमणा परवडला असता.

"कॉलेजं तीन होती, मी एकटीच होते," मुलगी म्हणाली. "मी तर केव्हाच सोडली होती ती सीट. तुम्ही ती खांद्याला लावून गावभर फिरवलीत." तिचा आवाज चढला नव्हता. "सिस्टरची मुलगी परीक्षेला माझ्या पुढच्या बाकावर होती. माझं पेन बंद पडलं तेव्हा तिने दिलं. त्यांना सांगा. मी जायच्या आधी सांगा."

बुधवारी मागच्या दाराशी सिस्टरने पाण्याचा ग्लास पुढे केला. कवळीवाल्यांनी तो घेतला नाही.

"सिस्टर, इथली सीट आमच्या मुलीची होती."

"कुठली?"

"जी सुटली असती तर तुमच्या मुलीला मिळाली असती. माझ्या मुलीने सोडली होती. पत्र माझ्याकडे होतं. मी वेळेत दिलं नाही."

सिस्टरने ग्लास काउंटरवर ठेवला. "कधी दिलं होतं तिने तुमच्याकडे?"

"रविवारी."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा..."

"बॅगेत होतं."

"आणि शुक्रवारी? मी चहा आणला तेव्हा?"

"तेव्हाही."

"दुसरा कप मागितलात तुम्ही," ती म्हणाली. "मी ओतला. माझ्या हाताने. फोन वाजेल म्हणून एका हातात फोन धरून ओतला."

आत पेशंटच्या दातावर मशीन फिरत होतं. ते थांबेपर्यंत तिने काउंटर पुसला. मग म्हणाली, "का पण? तुमचं काय अडलं होतं?"

वाटेत त्यांनी बरीच उत्तरं जुळवली होती. कामाची गडबड, उशिरा आलेले प्रिन्सिपॉल. ती सगळी जिभेपर्यंत आली आणि तिथेच बसली.

"बसायला देत होते हो," ते म्हणाले. "आत बोलवून खुर्ची देत होते."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. हसेल की रडेल, सांगता येत नव्हतं. तिने दोन्ही केलं नाही.

"मी इथे अकरा वर्षं आहे," ती म्हणाली. "मला अजून कुणी त्या खोलीत बसवलेलं नाही."

कवळीवाले चाचरत म्हणाले, "तुमच्या मुलीला वर्षभर माझ्याकडे पाठवा. हात तयार होईल. पुढच्या वर्षी परीक्षेला..."

"नको."

"शिकवेन मी सगळं..."

"नको म्हटलं ना. तिचं वर्ष गेलंय, ते गेलंय. त्यावर कॅप बसवू नका." तिने वही त्यांच्यापुढे सरकवली. "सही."

महिन्याभराने मुलगी लांबच्या कॉलेजात गेली. पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला, आईला. बापाशी ती कामापुरतं बोलत होती, पण त्या दिवशी तिने आईला सांगितलं, "त्यांना दे जरा." लॅबच्या पहिल्या तासाला मेणाची दाढ करायला दिली होती. तिची बघून सरांनी वर्ग थांबवला, ती दाढ सगळ्या बाकांवरून फिरवली, आणि विचारलं, कुठे शिकलीस?

"काय सांगितलंस?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"घरी, म्हटलं," मुलगी म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बॅग खांद्याला लावून ते निघाले तेव्हा ती बातमी त्यांच्या तोंडात मावत नव्हती. एका दवाखान्यात डॉक्टरांनी आतून हाक मारली, "या, बसा. कसं चाललंय मुलीचं?" कवळीवाले दारातूनच "बरं आहे" म्हणाले आणि डब्या देऊन निघाले. मोठ्या डॉक्टरांकडे मागच्या दाराशी सिस्टर होती. काउंटरवर ग्लास नव्हता. तिने एकेक डबी उघडली, आतल्या कागदाशी नाव ताडून पाहिलं, झाकण लावलं. कामात ती पहिल्यापासून चोख होती.

शेवटची डबी बंद करताना, मान वर न करता तिने विचारलं, "पोचली मुलगी?"

"पोचली."

"अभ्यास जमतोय?"

मेणाची दाढ, थांबलेला वर्ग, 'घरी' हा शब्द, सगळं ओठांशी आलं. समोर सिस्टर पेन धरून थांबली होती. तिची मुलगी या वेळी घरात तीच पुस्तकं पुन्हा पहिल्या पानापासून वाचत असेल.

"जमतोय," कवळीवाले म्हणाले, आणि उभ्या उभ्या सही केली.