फोटो नसलेलं कोकरू

"मॅडम, तयार ॲप दाखवा. शाळा बघायला येणाऱ्या पाहुण्यांपुढं बंद पडलं तर तुमचा हा तासच बंद. संगणकाच्या खोलीची चावी माझ्या टेबलावर आणून ठेवायची." मुख्याध्यापकांनी मला बजावलं, तेही शिपायासमोर.

माझं टाळकंच सरकलं. आमची शाळा पेडगावच्या पलीकडं. शनिवारी शेवटच्या दोन तासांत मी नववीच्या पोरींना मोबाइलचं ॲप बनवायला शिकवते. जुने चार संगणक, पडद्यावर सूचनांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडत जायचं. आणि आता दुसऱ्याच कुणाचं तरी उतरवून घेतलेलं ॲप पोरींच्या नावावर खपवायचं? माझ्याच्यानं होणार नाही म्हटलं, आणि आले निघून.

मी दाखवायला ठेवलं ते मेंढरं पाळणाऱ्या घरातल्या एका पोरीचं ॲप. मेंढीच्या फोटोवर बोट ठेवलं की तिला औषध कधी पाजलं ते पोरीच्या आवाजात ऐकू यायचं. आधी मी तिला मेंढ्यांना नंबर द्यायला सांगितलं होतं. ती फिस्सकन हसली. "नंबर कशाला मॅडम? तोंडावरून वळखू येतेत की." मी फळ्यावरचे नंबर पुसून टाकले.

पाहुणे आले. म्हणाले, "एक नवीन मेंढी टाकून दाखव बरं." पोरीनं त्याच दिवशी सकाळी जन्मलेलं कोकरू टाकलं. त्याचा फोटो कुठून असणार! ॲप फटदिशी बंद. मुख्याध्यापकांनी माझ्याकडं डोळे वटारून बघितलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला त्या तयार ॲपची लय आठवण आली.

पोरगी मात्र घाबरली नाही. "थांबा सर. कुठं अडकलंय ते कळलंय मला," म्हणाली आणि संगणकाकडं वळली. फोटो नसेल तर मोकळी चौकट दाखव, एवढा एक ठोकळा तिनं मधी घातला. पाहुणे घड्याळ बघायले होते, मुख्याध्यापक खाकरायले होते, ती कुणाकडं ढुंकून बघेना. मग ॲप पुन्हा उघडलं, कोकरू टाकलं, फोनमध्ये चार शब्द बोलली आणि मोकळ्या चौकटीवर बोट ठेवलं.

"सकाळचं कोकरू. आजून कायबी पाजलं न्हाई."

पाहुणे "छान छान" म्हणत चहाला गेले. मुख्याध्यापक दारात थांबले. "बंद पडलंच की, मॅडम. चावी?"

"पडलं ना. मग सुरू कुणी केलं?"

ते फणकाऱ्यानं निघून गेले. चावी मी त्याच दिवशी त्या पोरीच्या हातात दिली. आता शनिवारी खोली तीच उघडते. हिंमत असेल तर तिच्याकडून मागून घ्या म्हणावं.