दाईं ओर आंशिक बधिरता

"सर्व्हायकल रॅडिक्युलोपॅथी," सरकारी इस्पितळातले डॉक्टर म्हणाले आणि एमआरआयची फिल्म परत पाकिटात घालू लागले. अर्थ मला विचारून घ्यावा लागला. मानेच्या मणक्यांमधली चकती सरकली आहे, ती हाताकडे जाणारी नस दाबते आहे, म्हणून उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. सहा आठवडे गोळ्या आणि फिजिओथेरपी, फरक पडला नाही तर ऑपरेशनचा विचार. पुढचा पेशंट तोवर आत येऊन उभा होता.

ऑपरेशनची भीती वाटलीच, पण खरी धास्ती वेगळी होती. माझी आई नाशिकला भावाकडे असते. वय चौऱ्याऐंशी, दोन्ही कानांनी ठार बहिरी. फोनचा उपयोग नाही आणि मोबाइलच्या पडद्यावरचं तिला दिसत नाही. दर रविवारी मी तिला हाताने, ठसठशीत अक्षरात पत्र लिहिते. तीन महिन्यांपूर्वी पेन बोटांतून निसटायला लागलं. टाइप करून पाठवलं तर उत्तर आलं, "नोटीस मिळाली." कसंबसं खरडून पाठवलं तर, "हे कोणी लिहिलं? तुला काय झालंय ते लपवू नका." ते वाचून मला रडू आलं.

मी दिल्लीत, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात हिंदी अनुवादक आहे. एकोणतीस वर्षं झाली. घर लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, माहेर-सासर दोन्ही मराठी, आणि तरी हिंदी मुलखातले साहेब लोक आपल्या मात्रा माझ्याकडून तपासून घेतात. याचा मला अभिमान आहे असं लोक म्हणतात. खरं म्हणजे गर्व आहे.

ॲक्युपंक्चरचं खूळ माझ्या भाचीचं. केतकी गुरुग्रामला बाविसाव्या मजल्यावर राहते. तिच्या सोसायटीत शरीरावर करता येण्याजोगे सगळे प्रकार खालच्या मजल्यावर मिळतात. "मावशी, बिल्कुल ट्राय कर यार, माझं मायग्रेन ऑलमोस्ट गेलं," ती म्हणाली. मायग्रेन गेलं असेल, मराठीही गेली आहे. पण पेन धरता येत नसलं की माणूस कुठेही जातो. मीही अपॉइंटमेंट घेतली.

तुम्हीही पहिल्यांदाच जाणार असाल तर तयारी सांगते. उपाशी जाऊ नका, चक्कर येते. थोडं खाऊन जा. बाह्या आणि पायजमा सहज वर सरकेल असे सैल कपडे घाला. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा पेसमेकर असेल तर आधीच सांगा. तिथे जिभेचा रंग बघतात, तेव्हा जीभ रंगेल असं काही खाऊ नका. मी मुद्दाम बीट खाऊन जाणार होते, आमच्या ह्यांनी ताटली काढून घेतली.

आणि रिपोर्ट न्या. मी नेला होता, पण पर्सच्या तळाशी. नाडी आणि जीभ बघून यांना सगळं कळतं ना, मग ओळखू दे की!

क्लिनिकच्या दारावर पाटी होती, "कृप्या जुते बाहर उतारे." चार शब्दांत तीन चुका. माझं निम्मं मत तिथेच झालं. आत धुपाचा वास, भिंतीवर माणसाचं चित्र आणि त्याच्या अंगभर ठिपके. फॉर्म हिंदीत होता. 'तकलीफ़' या रकान्यात मी वाकड्या अक्षरात पण निर्दोष भाषेत लिहिलं, "दाईं ओर आंशिक बधिरता, गत तीन माह से." हाताचं, मानेचं नाव मुद्दाम घेतलं नाही. परीक्षा घ्यायची तर उत्तर कशाला सांगायचं?

डॉक्टर तिशीची मुलगी, मूळची पानिपतची. ते ऐकून सोबत आलेले आमचे हे माझ्याकडे बघून हसले आणि बाहेर जाऊन बसले. "नमस्ते जी! आराम से बैठिए!" ती इतकी ओरडली की मी दचकले. पुढचं सगळं ती तसंच ओरडून बोलली, तेही माझ्या डाव्या बाजूला येऊन, तोंड अगदी जवळ आणून. इकडे लोकांना हळू बोलायला शिकवतच नाहीत, असं मी मनात म्हटलं.

"परिवार में और किसी को सुनने की तकलीफ़?" तिने विचारलं.

"माताजी को. पूरी तरह," मी म्हणाले. फॉर्मवाल्यांना नाही नाही ते विचारायची खोड असतेच. तिने मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

सुयांना घाबरू नका. केसाएवढ्या बारीक असतात. पाकीट तुमच्यासमोर फोडतात ना, तेवढं बघा. इंजेक्शनसारखं टोचत नाही. आधी मुंगी चावल्यासारखं, मग आतून जड, ठणकल्यासारखं वाटतं. वीस-पंचवीस मिनिटं निजून राहायचं. माझ्या बाबतीत एक सुई हाताच्या पंजावर, आणि बाकी सगळ्या उजव्या कानापुढे आणि कानामागे. हाताच्या दुखण्याला कानात सुया! केतकीला काय काय सुनावायचं ते मी छताकडे बघत पाठ करत होते. फार समाधान वाटत होतं.

सुया काढून झाल्यावर ती उजव्या बाजूला आली आणि हळूच म्हणाली, "अब कैसा सुनाई दे रहा है?"

"जैसा पहले देता था. सुनाई देने का इससे क्या संबंध?"

तिने फॉर्म पुढे केला. "मैडम, आपने ही तो लिखा है. आंशिक बधिरता."

मी ते वाचलं, पुन्हा वाचलं. आपल्या मराठीत हात बधिर होतो, दात काढताना हिरडी बधिर करतात. हिंदीत बधिर म्हणजे फक्त बहिरा. मूक-बधिर शाळांची किती परिपत्रकं मी स्वतः हिंदीत केली आहेत! पण दुखणं सांगायची वेळ आली तेव्हा आईचाच शब्द आला, आणि मी त्याला ऐटीत हिंदी शेपूट जोडलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हाथ के लिए तो हम 'सुन्न' बोलते हैं जी," ती म्हणाली. दारावर 'कृप्या' लिहिणाऱ्या मुलीने माझी हिंदी सुधारली. बाहेर बसलेले हे तेवढ्यात खोकले. ते हसू दाबतानाचं खोकणं मला चांगलं ओळखू येतं.

मी पर्सच्या तळातून रिपोर्ट काढला. तिने तो शेवटपर्यंत वाचला, दोन्ही हातांनी मला तिची बोटं दाबायला लावली, मान वळवून बघितली. इस्पितळात एवढा वेळ कोणी दिला नव्हता. "ये पहले क्यों नहीं दिखाया?" तिने विचारलं. मी पर्सची चेन लावत बसले. फिजिओथेरपी सोडायची नाही आणि हातातला जोर कमी झाला तर इकडे न येता थेट इस्पितळ गाठायचं, हे तिने दोनदा बजावलं.

पुढच्या खेपांना सुया मानेत आणि हातात टोचल्या. मी व्यायामही केले, तोंड वाकडं करत का होईना. पाचव्या आठवड्यात पेन बोटांत टिकलं. सुयांनी झालं, व्यायामाने की नुसत्या दिवसांनी, हे मला माहीत नाही. छातीठोक सांगणारा भेटला तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. ऑपरेशन तूर्त टळलं आहे. अंगठ्याचं टोक अजून सुन्न आहे.

त्या मुलीचे आभार मी मानले. पाटी मात्र दुरुस्त करून दिली नाही. तेवढा अधिकार आता मला उरला नव्हता.

त्या रविवारी आईला चार पानी पत्र लिहिलं आणि हा सगळा प्रकार, बीटासकट, कळवला. आठवड्याने तिचं कार्ड आलं. तीनच ओळी होत्या.

"अक्षर तुझंच आहे, जीव भांड्यात पडला. त्या पोरीने कानात सुया टोचल्या ते बरंच केलं. कान माझे गेले, पण ऐकत तू कधीच नव्हतीस."