पीलूची मुळं

कमलबाईने एकोणतीस वर्षं धुळ्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी विसळली. त्या काळात पाच विभागप्रमुख पाहिले, डॉ. निकुंभांइतका पोकळ माणूस मात्र पाहिला नाही.

खारवट जमिनीत तगणाऱ्या पीलूच्या झुडपाच्या मुळांतून अँटिऑक्सिडंट काढायचे, हा सरांचा प्रकल्प. सरांच्या बुटाला खारी माती कधी लागली नव्हती. मे महिन्यात उन्हाचा कंटाळा केला आणि जडीबुटीच्या दुकानातून मुळं मागवली. त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या स्नेहलने ती कुटली, मिथेनॉलमध्ये भिजवली, गाळून आटवली. अर्क तपासणीच्या जांभळ्या द्रावणात टाकला. त्यात दम असता तर रंग पिवळा पडला असता. जांभळा तो जांभळाच राहिला.

"आकडे जरा नीट मांड," सर म्हणाले, "आणि मुळं शिंदखेड्याकडची आहेत असं लिही."

स्नेहल बेसिनपाशी रडू लागली. कमलबाईने दुकानाच्या पुडीतला मुळाचा तुकडा चावला आणि थुंकला.

"ही पीलूनी मुई नई शे, बाई. पीलूनी मुई चावी की नाक झोंबस."

शिंदखेड्याकडच्या खाऱ्या मातीत वाढलेली बाई ती. लहानपणी दात त्याच मुळीने घासलेले. रविवारी ती स्नेहलला एसटीने माहेरी घेऊन गेली. दोघींनी मुळं खणली, धुतली, आठ दिवस सावलीत वाळवली. पुन्हा अर्क काढला. या वेळी जांभळा रंग बघता बघता पिवळा झाला.

सरांना आनंद झाला नाही, घाम फुटला. "माझा शोधनिबंध छापायला गेलाय. मी मांडलेलेच आकडे राहतील. आणि कमलबाई, भांडी धुवायचा पगार मिळतो तुम्हाला."

"धुतेच आहे, सर," कमलबाई म्हणाली. "घाण कुठली, ते मात्र आज कळलं."

स्नेहल दुकानाच्या आणि खणलेल्या, दोन्ही मुळांच्या पुड्या घेऊन थेट प्राचार्यांकडे गेली. चौकशी झाली, निबंध मागे घ्यावा लागला, स्नेहलला दुसऱ्या मार्गदर्शक मिळाल्या. निकुंभांची खुर्ची मात्र हलली नाही; असल्यांची हलत नसते.

दोन वर्षांनी कमलबाईच्या निरोपाला तेच सर शाल घेऊन उठले आणि तिच्या निष्ठेवर बोलू लागले. कमलबाईने वाक्य संपू दिलं नाही.

"शाल टेबलावर ठेवा, सर. तुमच्या हातून नको."

सरांनी शाल ठेवली. मग स्नेहल पुढे आली, तिने ती उचलून कमलबाईच्या खांद्यावर घातली, आणि वाकून पाया पडली.