झाडाचं वय

दिल्लीत, मयूर विहारला, आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त गृहस्थ दहावीच्या मुलांना गणित शिकवत. हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. दारात भेटले की चष्म्यावरून बघून "अच्छा, ठीक ना?" एवढंच विचारत आणि उत्तर न ऐकताच फळ्याकडे वळत. मला माणूस कोरडाच वाटे.

माझी मुलगीही त्यांच्याकडे जायची. तिचे बाबा गेले, त्याच हिवाळ्यात सरांनी वयांची गणितं काढली. दार उघडंच असे, त्यामुळे जिन्यात सगळं ऐकू यायचं. वडाच्या झाडाचं वय शेजारच्या रोपाच्या तिप्पट, बारा वर्षांनी दुप्पट होणार, तर आज किती?

"सर, पेड़ का बर्थडे किसको याद रहता है?" कुणीतरी विचारलं.

"माली को. लिखो."

मुलं हसून लोळली. सरांचा आवाज जराही हलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या पुलाचं आणि नव्या पुलाचं वय घातलं. मुलांना तो रोजचा तमाशाच झाला.

एका संध्याकाळी मी सहज मुलीचं गणिताचं पुस्तक उघडलं. वयांच्या धड्यातल्या प्रत्येक गणितात वडील होते आणि त्यांची मुलं होती. मी पुस्तक मिटायला गेले, तेवढ्यात मुलीने वर पाहिलं.

"मला माहितेय, आई. पहिल्याच दिवशी वाचलं मी," ती म्हणाली. "पण सरांना कळू देऊ नकोस. आज तर बिचारे कासवांपर्यंत पोचले."