विहीणबाईंचा सोमवार

सोमवार, ६ मे २०१९. वायादोलिद. सकाळपासून उकाडा. लांदीच्या होणाऱ्या सासूबाई राजधानीहून आल्या. चर्च व 'एक बालाम'चे प्राचीन अवशेष दाखवले. जेवण घरी.

आम्पारोबाईंनी डायरीत एवढंच लिहिलं. जीव कसा मेटाकुटीला आला होता ते लिहायला बसल्या असत्या, तर वही पुरली नसती.

लग्न वायादोलिदला की राजधानीत, हे आज ठरणार होतं. लांदी ही आई-वडिलांमागे त्यांनीच वाढवलेली एकुलती नात. हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांचा लांबचा प्रवास बंद केलेला. लग्न तिकडे झालं, तर नातीला नवरीच्या वेशात फक्त फोटोत बघायचं. पण विहिणीला हे कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी लांदीला शपथ घातली होती. दया मागायची नव्हती. गाव बघून बाईंनी आपण होऊन "इथेच" म्हणायला हवं होतं.

बाई कशाला "वा" म्हणतील तर शपथ! चर्च बघून विहीण लेओनोरबाई म्हणाल्या, "आटोपशीर आहे." 'एक बालाम'च्या जुन्या दगडी पिरॅमिडच्या उभ्या पायऱ्या हट्टाने चढल्या आणि धापा टाकत खाली येऊन म्हणाल्या, "वरून नुसतं जंगलच दिसतं हो!"

'मग काय समुद्र दिसायला हवा होता?' सावलीत बसलेल्या आम्पारोबाईंनी हे ओठांवर आलेलं गिळलं.

सकाळी लांदी विनवत होती, "आजी, आज तरी जेवायला दुसरं काही कर ना."

"सोमवारी?" आजीने एवढंच विचारलं होतं.

टेबलावर काळा घेवडा घालून शिजवलेलं डुकराचं मटण आलं. सोबत भात, चिरलेला मुळा आणि छोट्या वाटीत हबानेरो मिरचीचा ठेचा.

"पाहुण्यांना घेवडा?" लेओनोरबाई हसल्या.

"आज सोमवार आहे, विहीणबाई. सोमवारी आमच्याकडे घरोघरी घेवडा-मटणच. बिशप जेवायला आले तरी हेच."

बाईंनी घास घेतला. "तिखट कुठाय पण?"

"त्या वाटीत. जपून हं, चमच्याच्या टोकावर घ्या."

"अहो, आम्ही राजधानीची माणसं मिरचीवरच वाढलोय!" असं म्हणत त्यांनी चमचाभर ठेचा कालवला.

दुसऱ्या घासाला चेहरा लालबुंद. डोळ्यांतून धारा, वर उचकी. लांदी दूध आणायला धावली.

"असल्या गावात लग्न?" बाई रुमालाआडून ओरडल्या. "आमचे वऱ्हाडी मरतील!"

आता मात्र आम्पारोबाईंचा बांध फुटला. "टोकावर घ्या म्हटलं होतं ना! सकाळपासून चर्च लहान, जंगल फार, जेवणात तिखट नाही! मला विमानात बसता आलं असतं ना, तर तुमच्या राजधानीत येऊन मीही नावं ठेवली असती!"

"बसता आलं असतं म्हणजे?"

लांदीनेच शपथ मोडली. "डॉक्टरांनी बंदी केलीय. आजीचं हृदय..."

लेओनोरबाईंनी दुधाचा पेला खाली ठेवला. "म्हणजे लग्न तिकडे झालं तर तुम्ही येणारच नाही?"

"नाही."

"आणि हे आत्ता सांगताय? मला त्या पायऱ्या चढायला लावून?"

"चढायला लावलं कुठे? मी नकोच म्हणत होते!"

"सकाळीच बोलला असतात तर? लग्न इथेच. मुलाला मी सांगते. पण ही वाटी मांडवात दिसता कामा नये."

"वाटी राहणार."

"विहीणबाई!"

"वाढायला माणूस उभा करू. तो टोकावरच देईल."

लेओनोरबाई उसासा टाकून उठल्या आणि मागच्या खोलीत निजायला टांगलेल्या दोरांच्या झोळीत जाऊन आडव्या झाल्या, त्या संध्याकाळपर्यंत घोरत राहिल्या.

रात्री आम्पारोबाईंनी डायरीत आणखी एक ओळ घातली: झोळीचा डावीकडचा दोर विरला आहे, उद्या नवा बांधायचा.